राजदूत ३५० आणि लायसन्सवरची एक ओळ

तंजावरच्या मराठ्यांवरचे भाग संपवून आपण कावेरीच्या काठाने चाळीसेक किलोमीटर पुढे, कुंभकोणमला आलोय. इथे अजूनही एका रस्त्याचं नाव दबीर स्ट्रीट आहे. दबीर हा आपल्या राज्यकारभारातला शब्द, आणि तो तमिळ गावात पाटीवर कसा टिकला ही मजेदार गोष्ट आहे. ती पुढच्या भागात सांगतो. आज मोटारसायकलींबद्दल बोलायचं आहे. इतिहासाच्या मालिकेत मोटारसायकल कुठून आली असं काहींना वाटेल. ती इथल्या भिंतींवरून आली.

तमिळनाडूत माणूस गेला की त्याच्या फोटोचं पोस्टर छापून भिंतीवर लावतात. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘कण्णीर अंजली’, म्हणजे अश्रूंची श्रद्धांजली. आपल्याकडे चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फ्लेक्स लागतात, तसंच. कुंभकोणमच्या देवळांच्या रस्त्यांनी हिंडताना मी ही पोस्टरं बघत होतो. बहुतेक म्हाताऱ्या माणसांची. पण मधूनच एखादा विशी-बाविशीतला पोरगा दिसतो, गॉगल लावलेला, मोटारसायकलवर रेलून उभा. तो कशाने गेला हे पोस्टरवर लिहीत नाहीत. शेजारचा चहावाला हाताने ॲक्सिलरेटर पिळल्याची खूण करतो, आणि पुढे काही विचारावं लागत नाही.

आकडे सांगून टाकतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के. त्याच वर्षी अपघातांच्या संख्येत तमिळनाडू देशात पहिला होता, ६४,१०५ अपघात. आता या तक्त्यातला रकाना बघा, ‘दुचाकी’. शेतावर भाताची पोती वाहणारी मोपेडही त्यातच, आणि तीन सेकंदांत साठच्या वेगाला जाणारी गाडीही त्यातच. चालवणाऱ्याने ती गाडी काल घेतली होती की दहा वर्षांपूर्वी, याला तर रकानाच नाही. हा रकाना का नाही, हाच माझा आजचा प्रश्न आहे. त्यासाठी चाळीस वर्षं मागे, एका गाडीपाशी जायला हवं.

१९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने राजदूत ३५० बाजारात आणली. त्याआधी राजदूत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर यायची ती राजदूत १७५. पोलंडच्या एका गाडीवरून घेतलेली, दणकट, धर्मेंद्रच्या जाहिरातीतली, दूधवाल्याची आणि ग्रामसेवकाची गाडी. ताकद साडेसात अश्वशक्तीच्या आसपास. तिच्याच घरातली छोटी गाडी ‘बॉबी’ सिनेमात झळकली आणि तरुणांत नाव झालं, पण वेगाशी तिचाही संबंध नव्हता. त्या काळातली देशातली भारदस्त गाडी म्हणजे बुलेट ३५०, मद्रासजवळ तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात १९५५ पासून बनणारी. तिची ताकद अठरा अश्वशक्ती, आणि तीही हत्तीसारखी, सावकाश येणारी.

राजदूत ३५० चं नावच तेवढं राजदूत होतं. मुळात ती यामाहाची आरडी ३५०. दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, सहा गियर, आणि सुरुवातीच्या मॉडेलची ताकद तीस अश्वशक्तीच्या वर. साडेसातवरून तीस! वजन मात्र बुलेटपेक्षा कमी. शोरूम तेच, विक्रेता तोच, टाकीवरचं नावही तेच, आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिकही तोच, ज्याने जन्मभर एक सिलेंडर आणि एक कार्ब्युरेटर एवढंच पाहिलं होतं. दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवायचे कसे हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. चालवणाऱ्यालाही कोणी काही शिकवलं नव्हतं.

टू-स्ट्रोक गाडी ज्यांनी चालवली आहे त्यांना ठाऊक असेल, तिची ताकद सरळ रेषेत येत नाही. खालच्या फेऱ्यांवर ती साधीभोळी वाटते. इंजिनाचे फेरे एका हद्दीपलीकडे गेले की मात्र मागून कोणीतरी ढकलल्यासारखी सुटते. राजदूत १७५ वर ही गोष्ट जाणवण्याइतकी ताकदच नव्हती. ३५० वर ती अशी जाणवायची की पुढचं चाक हलकं पडायचं. नवखा माणूस अशा वेळी काय करतो? हँडल घट्ट धरतो, शरीर मागे जातं, आणि धरलेली मूठ आणखी पिळली जाते. गाडी थांबवायच्या भीतीपोटी तो तिला आणखी पळवतो.

ब्रेकची गोष्ट जास्त गंभीर आहे. यामाहाच्या मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. भारतात आणताना तो काढून ड्रम ब्रेक बसवला. इंजिनाची ताकद मूळ गाडीपेक्षा काहीशी कमी केली होती हे खरं, पण थांबवण्याची ताकद त्याहून जास्त कमी केली असं माझं मत आहे. त्या पिढीतले गॅरेजवाले आजही या गाडीचं कौतुक करताना आवाज वाढवतात आणि ब्रेकचा विषय निघाला की हसतात. आरडी म्हणजे ‘रॅपिड डेथ’ हे टोपणनाव रस्त्यावरच्या लोकांनी दिलं, आणि पोरं ते अभिमानाने सांगायची. यामाहाच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की गाडी म्हणून ती सुंदर होती. जपणाऱ्यांनी ती आजही जपली आहे.

आता पायांकडे या, कारण अनोळखी गाडी म्हणजे काय हे पायांत कळतं. बुलेटचा गियर तेव्हा उजव्या पायाला होता आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. जपानी गाड्यांचं बरोबर उलट, गियर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे. बजाजच्या स्कूटरचा गियर तर पायात नव्हताच, डाव्या हाताच्या मुठीत होता. समजा दहा वर्षं बुलेट चालवलेला माणूस या गाडीवर बसला. साध्या रस्त्यावर तो विचार करून पाय वापरेल आणि सगळं ठीक चालेल. पण समोर म्हैस आली की विचार करायला वेळ नसतो. पाय जुन्या सवयीने डावीकडे दाबला जातो, आणि ब्रेक लागण्याऐवजी खालचा गियर पडतो. म्हणजे अनुभवी माणूसही त्या क्षणी नवखाच. अमेरिकेने हा घोळ ओळखून सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कायद्यानेच ठरवून टाकलं की गियर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या. आपल्याकडे दोन्ही पद्धतीच्या गाड्या पुढेही कित्येक वर्षं एकाच रस्त्यावर, एकाच लायसन्सवर चालत राहिल्या.

‘अनुभव’ हा शब्द आपण ढिलाईने वापरतो. याबाबतीत सगळ्यात मोलाचं काम झालं ते लॉस एंजेलिसमध्ये. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन तपास केला. जोडीला पोलिसांचे ३,६०० अहवाल वाचले. त्यांचा अहवाल १९८१ साली निघाला. म्हणजे राजदूत ३५० आपल्या बाजारात आली तेव्हा तो छापून दोन वर्षं झाली होती.

त्यातल्या तीन गोष्टी सांगतो. पहिली, अपघातात सापडलेल्यांना रस्त्यावर गाडी चालवण्याचा एकूण अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता, पण निम्म्याहून जास्त जणांना *त्या* गाडीचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. दुसरी, शंभरातले ब्याण्णव जण स्वतःच शिकलेले, नाहीतर मित्रांकडून वा घरच्यांकडून. तिसरी, संकट दिसल्यापासून धडकेपर्यंत साधारण दोन सेकंदांचाही वेळ मिळत नाही, आणि तेवढ्यात बहुतेक जण मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवतात आणि पुढचा ब्रेक, ज्याच्यात खरी थांबवायची ताकद असते, तो पुरेसा वापरतच नाहीत.

या अहवालात आणखी एक निष्कर्ष आहे, जो माझ्या आजच्या विषयाला थोडा अडचणीचा आहे, म्हणून तोही सांगायलाच हवा. मोठ्या इंजिनाच्या गाड्या अपघातांत त्यांच्या प्रमाणापेक्षा *कमी* सापडल्या. अपघात झालाच तर मात्र इजा जास्त गंभीर. म्हणजे नुसत्या सीसीला शिव्या देऊन भागत नाही. मोठी गाडी चालवणारा पुष्कळदा मुरलेला असतो. गाडी नवी, तिची ताकद अंगवळणी न पडलेली आणि शिकवणारा कोणी नाही, हे सगळं एकत्र आलं की माणूस जातो. भारतात १९८३ साली हे एकत्र आणून शोरूममध्ये मांडलं गेलं.

मागच्या ब्रेकवर आपला एवढा जीव का? माझ्या मते याचं उत्तर सायकलीत आणि मोपेडमध्ये आहे. पुढचा ब्रेक दाबला की उलटून पडशील, हे आपल्याला लहानपणी सायकल शिकवणाऱ्या काकाने सांगितलेलं असतं. पुण्यात १९७२ साली लूना आली, होसूरहून १९८० साली टीव्हीएस ५०. कावेरीच्या या खोऱ्यात टीव्हीएस ५० ने काय क्रांती केली ते पाहायचं असेल तर आजही सकाळी कुंभकोणमच्या बाजारात उभे राहा. केळीची पानं, दुधाचे कॅन, भाजीची पोती, सगळं मोपेडवर. या गाड्यांचा वेग एवढा बेताचा की पाय टेकवूनसुद्धा गाडी थांबते. अशा गाडीवर चुकीची सवय लागली तरी ती माफ होते. तीच सवय घेऊन पोरगा मोठ्या गाडीवर चढला की तिथे माफी नसते.

थोडं विषयांतर करतो. थांबवणं ही वेगळी विद्या आहे हे या गावाला फार आधीपासून माहीत आहे. इथल्या सारंगपाणी देवळाचा रथ तमिळनाडूतल्या सगळ्यात मोठ्या रथांपैकी एक. शेकडो माणसं दोर ओढतात, पण चाकांजवळ काही मोजकी माणसं लाकडाचे पाचरीसारखे ठोकळे घेऊन चालतात. रथ वळवायचा, मंद करायचा किंवा थांबवायचा असेल तेव्हा ते नेमक्या क्षणी ठोकळा चाकाखाली सरकवतात. त्याला तमिळमध्ये ‘मुट्टुक्कट्टै’ म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात या शब्दाचा अर्थ अडथळा, खोडा असाही होतो. हे काम नवख्याच्या हातात देत नाहीत. शेजारच्या तिरुवारूरचा रथ याहून मोठा. त्याला तर तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने लोखंडी चाकं आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. देवाच्या रथाला नीट ब्रेक हवेत, याबद्दल इथे कोणी वाद घातला नाही.

आता कायद्याकडे. तुमच्या खिशातलं लायसन्स काढा. त्यावर एमसीडब्ल्यूजी अशी अक्षरं असतील. अर्थ एवढाच, गियरची मोटारसायकल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या कलमात मोटारसायकलचे दोनच प्रकार आहेत, बिनगियरची आणि गियरची. ताकद किती, वजन किती, याचा उल्लेख नाही. शंभर सीसीच्या गाडीवर परीक्षा दिलेला अठरा वर्षांचा मुलगा त्याच संध्याकाळी हजार सीसीची गाडी घेऊन निघाला तरी कायद्याने तो चुकला नाही. परीक्षा कसली, तर आठचा आकडा काढायचा. तमिळमध्येही तेच म्हणतात, ‘एट्टु पोडु’, आठ काढ. चालण्याच्या वेगाने, पाय न टेकवता. तोल कळतो त्यातून, नाही असं नाही. पन्नासच्या वेगातून गाडी सरळ रेषेत थांबवता येते का, ते मात्र त्यातून कळत नाही.

कायद्यात एक पायरी आहे म्हणायला. चौथ्या कलमाप्रमाणे सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतची गाडी चालवता येते. पण आज पेट्रोलवरची पन्नास सीसीची नवी गाडी शोरूममध्ये सापडत नाही. टीव्हीएसची मोपेडसुद्धा आता शंभर सीसीची आहे. जिन्याची पहिली पायरी कायद्यात आहे, बाजारात नाही. त्यामुळे पोरं दोन वर्षं वडिलांची गाडी चोरून चालवतात आणि अठरा झाल्यावर थेट गच्चीवर उडी मारतात. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि पंचवीस हजार दंड ठेवला आहे. अठराव्या वाढदिवशी ते सगळं संपतं.

बाहेर काय चाललं होतं? जपानने, म्हणजे आरडी ३५० जिथे जन्मली त्या देशाने, १९७५ साली लायसन्सचे टप्पे केले. चारशे सीसीच्या वर जायचं तर वेगळी, अवघड परीक्षा. ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकांना साठच्या दशकापासून अडीचशे सीसीची मर्यादा होती. त्यांना ती सैल वाटली म्हणून त्यांनी ती १२५ सीसीवर आणली. कधी? १९८३ साली. ज्या वर्षी ब्रिटनने नवशिक्याच्या हातातली गाडी १२५ सीसीची केली, त्याच वर्षी आपण कोणाच्याही हातात तीस अश्वशक्ती दिली.

त्या गाडीचा शेवट अपघातांनी केला नाही, पेट्रोलने केला. वीस-पंचवीसचं ॲव्हरेज देणारी गाडी मध्यमवर्गीयाला परवडणारी नव्हती. १९८५ च्या आसपास शंभर सीसीच्या जपानी गाड्या आल्या, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १००, आणि भारताने ॲव्हरेजला मत दिलं. १९८९ च्या सुमारास राजदूत ३५० बंद झाली. पुढची पंधरा-वीस वर्षं कायद्यातली ही उणीव कोणाला टोचली नाही, कारण रस्त्यावर तेवढ्या ताकदीची गाडीच फारशी नव्हती. स्प्लेंडरच्या आठ अश्वशक्तीला टप्प्याटप्प्याचं लायसन्स कशाला लागतंय?

मग गोष्ट आपल्या चाकणला येते. बजाजने २००७ साली ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत भागीदारी घेतली आणि चाकणच्या कारखान्यात ड्यूक बनू लागली. २०११ पासून तिथे बनलेली ड्यूक १२५ युरोपात विकली जात होती. का १२५? कारण युरोपात सोळा-सतरा वर्षांच्या पोराला तेवढीच चालवता येते. ही शिकाऊ मुलासाठीच घडवलेली गाडी, दिसायला झकपक, ब्रेक उत्तम, ताकद बेताची. ती चाकणहून जहाजाने गेली. भारतात २०१२ च्या जानेवारीत आली ती ड्यूक २००, पंचवीस अश्वशक्तीची. आणि २०१३ मध्ये ३९०, त्रेचाळीस अश्वशक्तीची, किंमत एक लाख ऐंशी हजार. युरोपात ही ३९० मधल्या टप्प्याच्या लायसन्सची गाडी, अठराव्या वर्षी वेगळी परीक्षा देऊन मिळणारी. आपल्याकडे एमसीडब्ल्यूजी. चाकणमध्येच बनणारी १२५ भारतीय ग्राहकाला मिळाली ती थेट २०१८ च्या नोव्हेंबरात. तोवर सात वर्षं शिकाऊ गाडी आपण बनवत होतो आणि आपल्या शिकाऊ पोरांना तिच्या वरची विकत होतो.

यात कंपनीलाच दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. लाखाच्या वर किंमत असलेली १२५ कोण घेणार, हा त्यांचा हिशोब बाजारात चुकीचा नव्हता. युरोपातला विक्रेता काही फार सज्जन नाही, तिथे कायदा त्याला अडवतो. आणि ३९० ला पहिल्यापासून एबीएस होतं हे न्यायाने सांगायला हवं. २०० ला ते अनेक वर्षं नव्हतं. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१९ पासून. चाक घसरण्याच्या त्या जुन्या रोगावर हा खरा इलाज आहे. दोन सेकंदांत काय दाबायचं हे मात्र एबीएस सांगत नाही.

मी हा विषय काढतो तेव्हा एक आक्षेप नेहमी येतो. टप्प्यांची लायसन्सं आणली तर आरटीओत एजंटाचं एक पाकीट वाढेल, बाकी काही होणार नाही. आक्षेप खोटा नाही. पण म्हणून परीक्षाच नको म्हणायचं असेल तर आठचा आकडाही काढून टाकावा लागेल. आणि दुसरं, गाडी विकताना नोंदणी करावीच लागते. कोणाच्या नावावर किती सीसीची गाडी चढते हे सरकारच्या संगणकाला त्याच दिवशी कळतं, आणि त्याच संगणकात त्या माणसाचं लायसन्स किती जुनं आहे हेही असतं. या दोन नोंदी एकमेकांशेजारी ठेवायला एजंट लागत नाही.

कुंभकोणमला हे आज जास्त लागू पडतं, त्याला कारण रस्ता. तंजावरहून येणारा जुना रस्ता पापनाशम, दारासुरमवरून नदीकालव्यांच्या कडेने वळतवळत येतो. त्या रस्त्यावर बससमोर कोणालाच वेग घेता येत नाही, रस्ताच लगाम धरतो. विक्रवंडी ते तंजावर चौपदरी महामार्गाने आता गावाबाहेरून सरळ, रुंद रस्ता दिला. शेतातून येणाऱ्या लहान वाटा त्याला येऊन मिळतात, मोपेडवर पेंढा लादून माणूस कडेकडेने उलटाही येतो, आणि त्याच रस्त्यावर महिन्याभरापूर्वी घेतलेल्या गाडीवर कोणीतरी पहिल्यांदाच शंभर पाहत असतो. मी गेलो त्या दिवशी एक मुलगा तिथे थांबून गाडीचा फोटो काढत होता. विचारलं, किती दिवस झाले? म्हणाला, बावीस. याआधी काय चालवायचास? आईची स्कूटी. पुढचा ब्रेक वापरतोस का, असं विचारल्यावर तो हसला आणि तमिळमध्ये म्हणाला की त्याने माणूस उलटतो, मामाने सांगितलंय.

मग आम्ही दोघं रिकाम्या सर्व्हिस रोडवर गेलो आणि त्याने तीसच्या वेगातून दहा वेळा गाडी थांबवली, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत. दहाव्या वेळी गाडी पहिल्या वेळेच्या जवळजवळ निम्म्या अंतरात थांबली. माझी पावलं मोजायला वापरली, त्यामुळे त्याला संशोधन म्हणू नका.